चेटूक, कुल आणि शाप : मार्गारेट माही यांच्या दोन किशोर-कादंबऱ्या

१

लोककथेतील चेटकिणीला वय असते, पण बालपण नसते; घर असते, पण घराणे नसते. ती गावाबाहेर, रानाच्या कडेला एकटी राहते, मुलांना भुलविते आणि कथा संपताना बहुधा आगीत किंवा पाण्यात नाहीशी होते. तिची आई कोण, तिला ही विद्या कोणी दिली, लहानपणी तिच्या वाट्याला काय आले, हे प्रश्न लोककथा विचारीत नाही. ते विचारले असते तर चेटकीण ही माणसांपैकीच एक ठरली असती, आणि मग तिला जाळणे श्रोत्यांना इतके सोपे वाटले नसते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी भाषेतील किशोर-कादंबरीने हेच टाळलेले प्रश्न विचारण्यास आरंभ केला. तिने चेटकिणीला घर दिले, नातलग दिले, शाळा दिली आणि चौदा वर्षांचे वय दिले. तसे करताच चेटूक ही बाहेरून येणारी आपत्ती राहिली नाही. तो घराण्यातून उतरणारा वारसा झाला. जो वारसा नाकारता येत नाही आणि उघडपणे स्वीकारताही येत नाही, त्याला कुटुंबे 'शाप' म्हणतात. चेटूक आणि कुलशाप या दोन कल्पना या वाङ्मयप्रकारात वारंवार एकत्र का येतात, याचे एक उत्तर येथे मिळते.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार न्यूझीलंडच्या लेखिका मार्गारेट माही यांच्या 'द हाँटिंग' (१९८२) आणि 'द चेंजओव्हर' (१९८४) या दोन कादंबऱ्यांच्या आधारे करावयाचा आहे. या दोन्ही कृतींना ब्रिटनमधील ग्रंथपालांच्या संघटनेचे कार्नेगी पदक मिळाले. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाला या कृतींकडे वळण्याचे कारण मात्र पारितोषिकाहून वेगळे आहे. आपल्या परंपरेत शापाची कल्पना अत्यंत सूक्ष्मपणे विकसित झालेली आहे, आणि आपल्या समाजात 'चेटकीण' हा शब्द आजही केवळ कथेतला शब्द नाही. या दोन गोष्टी मनात ठेवून वाचू लागल्यास माहींच्या कादंबऱ्या निराळ्या दिसतात, आणि आपल्या काही परिचित कृतीही निराळ्या दिसू लागतात.

२

प्रथम पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. 'विच' हा इंग्रजी शब्द प्राचीन इंग्रजीतील 'विक्का' आणि 'विक्के' या दोन रूपांतून आला. पहिले रूप पुल्लिंगी, दुसरे स्त्रीलिंगी. म्हणजे मुळात ही संज्ञा स्त्रीपुरती मर्यादित नव्हती. पुढे व्याकरणातून लिंगभेद गळाला, परंतु समाजाच्या मनात तो पक्का झाला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस 'मालेउस मालेफिकारुम' या लॅटिन ग्रंथाने स्त्रीस्वभावाचाच संबंध चेटकाशी जोडला. इंग्लंडात १६१२ मध्ये लँकाशायरमधील पेंडल येथील खटला गाजला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६९२ साली सेलम येथे उसळलेल्या प्रकरणात १९ जणांना फाशी देण्यात आले, त्यांत पुरुषही होते. १७३५ च्या ब्रिटिश कायद्याने चित्र पालटले. चेटूक खरे असते हे गृहीत सोडून, चेटकाचे सोंग करणे हा गुन्हा ठरविण्यात आला.

न्यायालयातून हद्दपार झालेली चेटकीण साहित्यात मात्र राहिली, आणि तेथे कुलशापाशी तिची गाठ पडली. नाथॅनिएल हॉथॉर्न यांच्या 'द हाऊस ऑफ द सेव्हन गेबल्स' (१८५१) या कादंबरीत चेटकाच्या आरोपावरून फाशी गेलेला मनुष्य आपली जमीन बळकावणाऱ्या कर्नलला शाप देतो, आणि तो शाप कर्नलच्या वंशजांचा पिच्छा पुरवितो. सेलमच्या खटल्यांतील एक न्यायाधीश जॉन हॅथॉर्न हा हॉथॉर्न यांचाच पूर्वज होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या कल्पनेला निव्वळ अद्भुताचे रूप राहत नाही. शाप येथे दुष्कृत्याच्या आठवणीचे नाव आहे. ज्या घराण्याने अन्याय केला, त्याला तो विसरता येत नाही.

मुलांसाठी आणि कुमारांसाठी लिहिल्या गेलेल्या इंग्रजी कादंबरीत या सूत्राची निरनिराळी रूपे दिसतात. एलिझाबेथ जॉर्ज स्पीअर यांच्या 'द विच ऑफ ब्लॅकबर्ड पाँड' (१९५८) मध्ये चेटकीण म्हणजे खोट्या आरोपाला बळी पडणारी निरपराध स्त्री. अ‍ॅलन गार्नर यांच्या 'द आउल सर्व्हिस' (१९६७) मध्ये वेल्समधील एका खोऱ्यात जुन्या दंतकथेतील शोकांतिका प्रत्येक पिढीतल्या तिघांना पुन्हा भोगावी लागते. डायाना विन जोन्स यांच्या 'चार्म्ड लाइफ' (१९७७) मध्ये जादू ही अंगभूत देणगी असते आणि सख्खी बहीणच भावाची शक्ती परस्पर वापरीत असते. स्पीअर यांच्याकडे आरोप आहे पण चेटूक नाही; गार्नर यांच्याकडे पुनरावृत्ती आहे पण तिचे मूळ दंतकथेत आहे; जोन्स यांच्याकडे चेटूक आहे आणि कुटुंबातील शोषणही आहे, परंतु त्यांची दुनिया आपल्या दुनियेला समांतर अशी वेगळी आहे. माही यांनी हे सर्व धागे साध्या, ओळखीच्या, मोटारी आणि दुकाने असलेल्या एका शहरात आणून बांधले.

याच काळात या वाचकवर्गाची स्वतंत्र जाणीव आकार घेत होती, हेही नमूद करावयास हवे. अमेरिकेतील ग्रंथालय संघटनेने १९५७ मध्ये 'यंग अ‍ॅडल्ट' वाचकांसाठी स्वतंत्र विभाग स्थापिला. मराठीत या वयासाठी 'कुमार' आणि 'किशोर' असे दोन शब्द रुळले. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने कुमार-वाङ्मयाला नायक दिला आणि १९७१ साली सुरू झालेल्या 'किशोर' मासिकाने हा वाचक घरोघरी गाठला. तथापि आपल्या कुमार-वाङ्मयाचा मुख्य ओघ साहस, विनोद आणि विज्ञान यांच्याकडे राहिला. घरातल्या अंधाऱ्या खोलीकडे त्याने क्वचितच पाहिले.

३

मार्गारेट माही (१९३६–२०१२) यांचा जन्म न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील व्हाकाटाने या गावी झाला. त्या व्यवसायाने ग्रंथपाल होत्या. क्राइस्टचर्च येथे मुलांच्या ग्रंथालयात काम करीत असता त्यांनी विपुल लेखन केले, आणि १९८० मध्ये नोकरी सोडून त्या पूर्णवेळ लेखनाकडे वळल्या. २००६ मध्ये त्यांना हान्स ख्रिस्तियन अँडरसन पारितोषिक मिळाले. आपले बालपण इंग्लंडमधून आलेल्या पुस्तकांवर पोसले गेले आणि त्यामुळे आपली कल्पनासृष्टी आपल्या भूमीपासून तुटली, ही जाणीव त्यांनी आपल्या निबंधांतून मांडलेली आहे. डिसेंबरात उन्हाळा असलेल्या देशातील मूल पुस्तकात मात्र डिसेंबरातला बर्फ वाचते; इंग्रजी क्रमिक पुस्तकांवर वाढलेल्या भारतीय वाचकाला ही स्थिती समजावून सांगावी लागू नये.

'द हाँटिंग'चा नायक बार्नी पामर हा आठ वर्षांचा मुलगा. त्याच्या जन्माच्या वेळी त्याची आई वारली. वडिलांनी पुनर्विवाह केला आहे आणि सावत्र आई क्लेअर हिच्यावर बार्नीचे मनापासून प्रेम आहे. एके दिवशी शाळेतून परतताना त्याला एका मुलाची छाया दिसते आणि बार्नबी मरण पावल्याचे सांगते. घरी आल्यावर कळते, की बार्नबी नावाचे त्याच्या आईकडचे चुलत आजोबा खरोखरच वारले आहेत. पुढे पावलांचे आवाज, परक्या स्मृती आणि स्वप्ने त्याच्या मनात शिरू लागतात. हळूहळू उलगडा होतो तो असा. आईच्या माहेरच्या स्कॉलर घराण्यात प्रत्येक पिढीत एक जादूगार जन्मतो. मागच्या पिढीचा जादूगार कोल हा लहानपणीच बुडून मेला असे सर्वांना वाटत होते, पण तो जिवंत आहे. त्याचा एकमेव आधार असलेला भाऊ बार्नबी गेल्यामुळे एकाकी झालेला हा मनुष्य आता बार्नीला आपला वारस समजून त्याच्याकडे येऊ पाहत आहे.

कथानकाचा हा भाग भयकथेला साजेसा आहे. माहींचे वैशिष्ट्य पुढे दिसते. बार्नी घाबरलेला असूनही क्लेअरला काहीच सांगत नाही. तिला मूल होणार आहे, आणि आपल्या जन्माच्या वेळी आई गेली हे ठाऊक असलेल्या मुलाला तिला कोणतीही काळजी लावण्याची भीती वाटते. म्हणजे त्याचे मौन प्रेमातून आलेले आहे. उलट त्याची मधली बहीण टॅबिथा ही थोर कादंबरीकार होण्याच्या तयारीत असल्याने अखंड बोलते, प्रश्न विचारते आणि टिपणे काढते. थोरली बहीण ट्रॉय मात्र अबोल आणि कमालीची टापटिपीची. अखेरीस जे उघडकीस येते त्यामुळे आधीची सर्व पाने नव्या अर्थाने वाचावी लागतात. या पिढीची जादूगार बार्नी नसून ट्रॉय आहे. आणि जादूचा सर्वांत कडवा द्वेष करणारी, कोलला घरातून पळून जाण्याची पाळी आणणारी पणजी स्वतःच एके काळी जादूगार होती; बालपणीच तिने आपल्या आतली ती शक्ती चिरडून टाकली होती.

येथे 'शाप' या शब्दाचा अर्थ नेमका होतो. स्कॉलर घराण्याचा शाप जादू नव्हे. जादू ही निसर्गाची देणगी आहे, बरी किंवा वाईट ती वापरावर ठरते. पणजीने स्वतःविषयी जे कोणाला सांगितले नाही, त्याची शिक्षा तिने मुलाला दिली, मुलाच्या जाण्याने भावंडे पोळली, आणि तेच न सांगितलेले दोन पिढ्या ओलांडून आठ वर्षांच्या मुलाच्या झोपेत उतरले. हे सांगताना लेखिकेने पणजीला दुष्ट ठरवून मोकळे होण्याचा मार्ग पत्करलेला नाही. आपल्या शक्तीचे भय वाटलेली एक लहान मुलगी त्या वृद्धेत अजून कोंडलेली आहे, हे वाचकाला दिसते.

४

'द चेंजओव्हर'ची नायिका लॉरा चँट चौदा वर्षांची आहे. आई केट पुस्तकांच्या दुकानात काम करते, वडील दुसरे लग्न करून वेगळे राहतात, आणि तीन वर्षांच्या जॅको या भावाला सांभाळण्याचे काम बरेचसे लॉराकडे येते. गार्डनडेल नावाच्या नव्या वसाहतीतले हे घर पैशाच्या ओढाताणीत चाललेले आहे. एका चमत्कारिक दुकानाचा मालक कार्मोडी ब्राक जॅकोच्या हातावर गमतीने शिक्का उठवितो. त्या शिक्क्यात ब्राकचाच चेहरा असतो. त्या क्षणापासून मूल खंगू लागते. डॉक्टरांना निदान सापडत नाही. ब्राक हा इतरांचे आयुष्य शोषून शतकानुशतके जगत आलेला पिशाच आहे, हे लॉरा ओळखते. मोठी माणसे तिच्यावर विश्वास ठेवीत नाहीत.

तिला मदत मिळते ती कार्लायल घराण्याकडून. जुन्या शेतवाडीतल्या, 'स्वर्गद्वार' अशा अर्थाचे लॅटिन नाव असलेल्या घरात आजी विंटर, तिची मुलगी मिरियम आणि नातू सोरेन्सन राहतात. तिघेही चेटूक जाणणारे. सोरेन्सन, ज्याला सगळे 'सॉरी' म्हणतात, लॉराच्याच शाळेत वरच्या वर्गात आहे. जॅकोला वाचवावयाचे तर लॉराने स्वतः चेटकीण व्हावयास हवे, असे तिला सांगण्यात येते. या रूपांतरालाच कादंबरीत 'चेंजओव्हर' म्हटले आहे. मराठीत त्याला 'पालट' म्हणता येईल. हा पालट म्हणजे एका रात्री स्वतःच्याच अंतरंगातून केलेला प्रवास होय. मुलीपणाकडून स्त्रीत्वाकडे जाण्याच्या वाटेवर तो बसविलेला आहे, आणि त्यामुळे अद्भुताला देहाचा आणि वयाचा आधार मिळतो.

कुलशापाचे सूत्र येथे कार्लायल घराण्यात आहे. या घराण्यात शक्ती स्त्रियांकडून स्त्रियांकडे येते. मिरियमला मुलगा झाला, तेव्हा तो या परंपरेत बसणार नाही असे समजून त्याला जन्मतःच दुसऱ्या कुटुंबाकडे सोपविण्यात आले. त्या घरात पुढे त्याला मारहाण सोसावी लागली. मुलगाही चेटूक घेऊन जन्मला आहे हे उमगले तेव्हा तो परत आला, पण जखमी होऊन. त्याचे टोपणनाव 'सॉरी' असावे यात लेखिकेचा खेळ आहे. ज्यांनी क्षमा मागावयास हवी त्यांच्याऐवजी मुलगाच आयुष्यभर ती आपल्या नावात वाहतो आहे. वंशाला मुलगा हवा म्हणून मुलगी नकोशी होणे आपल्या समाजाच्या परिचयाचे आहे. माहींनी ती तराजू उलटी धरली, आणि त्यामुळे अन्यायाचे स्वरूप अधिक स्वच्छ दिसले. अन्याय कोणत्या लिंगावर झाला यापेक्षा, मूल हे घराण्याच्या उपयोगाचे साधन मानले गेले हे त्यातील मर्म आहे.

कादंबरीचा नैतिक कळस ब्राकच्या पराभवात आहे. ब्राकची शक्ती बळींच्या संमतीवर चालते. जॅकोने निरागसपणे हात पुढे केला होता. लॉरा तीच युक्ती उलटविते. ब्राक स्वतःहून हात पुढे करतो आणि तिचा शिक्का त्याच्यावर उठतो. भाऊ वाचतो. पण आता ब्राक तिच्या हुकमात आहे, आणि त्याला तडफडत ठेवण्याची इच्छा तिच्यात जागी होते. ती इच्छा तृप्त केली तर आपणही त्याच्याच जातीचे होऊ, हे तिला उमगते आणि ती त्याचा शेवट करते. चेटूक मिळविणे कठीण होते. ते हाती असताना आवरणे त्याहून कठीण निघाले. लोककथेतील चेटकिणीला हा पेच कधीच पडत नाही, कारण तिला निवड करण्याचा अधिकारच दिलेला नसतो.

या कादंबरीवर २०१७ मध्ये निघालेल्या चित्रपटाने कथा भूकंपोत्तर क्राइस्टचर्चमध्ये नेली. २०११ च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या शहराची ही पार्श्वभूमी कथेला परकी वाटत नाही, कारण मूळ कादंबरीतही जुन्या शेतांवर उभी राहिलेली नवी वसाहत आणि तिच्या खाली दबलेले काही जुने यांचा ताण आहेच. येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. ज्या भूमीवर ही वसाहत उभी आहे, तेथील माओरी लोकांच्या वैद्यांवर आणि मंत्रविद्येवर १९०७ च्या 'तोहुंगा' प्रतिबंधक कायद्याने बंदी घातली होती. तो कायदा १९६२ मध्ये रद्द झाला. या दोन्ही कादंबऱ्यांच्या केंद्रस्थानी युरोपीय वंशाचे चेटूक आहे. ज्या विद्येला त्याच भूमीवर प्रत्यक्ष कायद्याने गुन्हा ठरविले होते, ती या कादंबऱ्यांच्या कडेलाच राहते.

५

आता भारतीय शापकल्पनेशी तुलना करू. आपल्या परंपरेतील शाप ही वाणीची कृती आहे. तपाने वाणीला सामर्थ्य येते, क्रोधाने ती सुटते आणि मग ती उच्चारणाऱ्यालाही परत घेता येत नाही. तिला उःशापाने केवळ मर्यादा घालता येते. महाभारतातील स्त्रीपर्वात गांधारी कृष्णाला शाप देते, आणि छत्तिसाव्या वर्षी यादवकुल आपसांत लढून नष्ट होते. हा कुलशापाचा आपल्याकडील सर्वांत भव्य नमुना. शाप देणारी ठाऊक आहे, कारण ठाऊक आहे, मुदतही ठाऊक आहे.

माहींच्या घराण्यांत असा उच्चार कोणीच केलेला नाही. तेथे शाप निर्माण होतो तो न बोलण्यातून. या दृष्टीने दोन परंपरा परस्परविरुद्ध वाटतात. परंतु 'अभिज्ञानशाकुंतला'कडे पुन्हा पाहिले की विरोध इतका सरळ राहत नाही. दुर्वासाचा शाप शकुंतलेच्या कानी पडतच नाही. तो ऐकतात प्रियंवदा आणि अनसूया. प्रियंवदा ऋषीची विनवणी करून उःशाप मिळविते, आणि मग दोघी सख्या शकुंतलेच्या कोमल मनाला धक्का नको म्हणून ती गोष्ट आपल्यापुरती ठेवतात. मुद्रिकेचे महत्त्व शकुंतलेला कळत नाही ते या मायेच्या मौनामुळे. शाप ऋषीचा असला, तरी तो फळाला येण्यात सख्यांच्या न सांगण्याचा वाटा आहे. बार्नी क्लेअरपासून आपले भय लपवितो तेही याच कारणाने. कालिदास आणि माही यांच्यात प्रभावाचा संबंध जोडण्याचे कारण नाही. दोघांनाही कुटुंबव्यवहारातील एकच सत्य दिसले, एवढेच म्हणता येईल. ज्याला जपावयाचे त्याच्यापासून लपविलेली गोष्ट त्यालाच निःशस्त्र करते.

यावरून माहींच्या कादंबऱ्यांतील उःशापाचे स्वरूपही स्पष्ट होते. तेथे मंत्र, ताईत, यज्ञ यांपैकी कशानेही घराणे मुक्त होत नाही. ट्रॉय सर्वांसमक्ष बोलते तेव्हा ते मुक्त होते. आपल्याकडे शाप उच्चाराने लागतो. येथे तो उच्चाराने सुटतो.

६

शेवटचा प्रश्न भाषेचा आहे, आणि तो केवळ भाषांतरकाराच्या सोयीचा नाही. 'विच' या शब्दासाठी मराठीत कोणता शब्द वापरावा? हडळ ही मृत स्त्रीचे भूत. जखीण यक्षिणीपासून आली आणि तीही मानवी नव्हे. डाकीण 'डाकिनी'पासून आली. बौद्ध तंत्रात ज्ञानदायिनी म्हणून पूज्य असलेली ही संज्ञा लोकभाषांत येईपर्यंत भीतीची झाली, आणि हिंदीतील 'डायन' व बंगालीतील 'डाइनी' ही तिचीच रूपे. जिवंत स्त्रीला लावता येईल असा शब्द राहतो तो 'चेटकीण'. तीच विद्या पुरुषाकडे असली की आपण त्याला मांत्रिक किंवा देवऋषी म्हणतो, आणि त्याच्या दारी रांग लागते.

माहींनी सॉरीला जाणूनबुजून 'विझर्ड' न म्हणता 'विच' म्हटले आहे. इंग्रजीत त्यामुळे बसणारा हलका धक्का मराठीत व्याकरणाचाच प्रश्न होतो. 'तो चेटकीण होता' हे वाक्य मराठी कानाला चुकीचे वाटते. 'चेटक्या' म्हटले तर वाक्य शुद्ध होते, पण अर्थ निसटतो. कारण बायकांच्या वारशात जन्मलेला आणि म्हणूनच टाकला गेलेला मुलगा हा त्या शब्दाचा गाभा आहे. माझ्या मते भाषांतरकाराने येथे व्याकरणाला दुखवावे. मराठी प्रेक्षकाला हा विसंवाद अगदी अनोळखीही नाही. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यात चेटकिणीची भूमिका पुरुष नटांनी गाजविली आहे. अर्थात तेथे तो विसंवाद हसण्यासाठी आहे. हसू थांबल्यावर उरणाऱ्या प्रश्नाला माही हात घालतात.

परंतु याहून मोठी अडचण अशी, की आपल्या देशात हा शब्द प्रत्यक्ष जीव घेतो. बिहारने १९९९ मध्ये आणि झारखंडने २००१ मध्ये 'डायन' प्रथेविरुद्ध कायदे केले. त्यांत एखाद्या स्त्रीला डायन ठरविणे हाच गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. इंग्लंडच्या १७३५ च्या कायद्याने न्यायालयातला चेटकावरचा विश्वास संपविला होता. त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी तेथील आणि न्यूझीलंडमधील किशोरवयीन वाचक 'विच' हा शब्द निर्धास्तपणे स्वतःला लावून पाहू शकत होता. ज्या वस्तीत तो शब्द उच्चारताच दगड उचलले जातात, तेथील मुलीला तसे करता येईल काय?

या प्रश्नाचे उत्तर भारतीय साहित्यातच शोधावयास हवे. महाश्वेतादेवींच्या 'बायेन' या बंगाली कथेत मृत बालकांना पुरण्याचे काम परंपरेने करणारी चंडीदासी हिला बायेन ठरवून गावाबाहेर टाकले जाते, आणि तसे जाहीर करणाराही तिचा नवराच असतो. तिचा मुलगा भगीरथ तिच्यापासून दूर वाढतो. रेल्वेगाडी लुटण्याचा बेत हाणून पाडताना चंडीदासी मरते, आणि तिच्या मृत्यूनंतर मुलगा सर्वांसमोर ती आपली आई असल्याचे सांगून तिचे नाव घेतो. येथे अद्भुताचा अंशही नाही. आहे तो समाजाचा क्रूर समज आणि त्याखाली चिरडलेली स्त्री. तरीही कथेची अंतर्गत रचना 'द हाँटिंग'शी जुळते. घराण्यावरचा डाग बोलला जात नाही तोवर मुलाच्या जन्मालाच चिकटून राहतो; मूल तोंड उघडते तेव्हा तो फिटतो. मात्र ट्रॉयच्या बोलण्याने जिवंत माणसे एकमेकांना परत मिळतात, आणि भगीरथ बोलतो तेव्हा आई उरलेली नसते. दोन समाजांतले अंतर मोजावयाचे तर ते येथे मोजावे.

म्हणूनच माहींसारख्या लेखिकेला मराठीत आणताना 'चेटकीण' हा शब्द टाळून 'जादूगारीण' यासारखा निरुपद्रवी शब्द घेणे हा उपाय ठरणार नाही. तसे केल्यास पुस्तक रंजक होईल, पण ज्या शब्दाची भीती वाचकाच्या घरात आधीच आहे, तो पुन्हा एकदा न बोललेलाच राहील. चौदा वर्षांच्या वाचकाने हा शब्द एका अशा मुलीच्या संदर्भात प्रथम भेटावा, जी भावाला वाचविण्यासाठी तो स्वीकारते आणि शक्ती हाती आल्यावर सूड आवरते. तो शब्द पुढे कधी एखाद्या शेजारणीविषयी कानी पडला, तर त्या वाचकाला निदान प्रश्न विचारावासा वाटेल, की ही बाई कोणाची मुलगी, कोणाची आई, आणि तिच्याविषयी हे बोलण्यात कोणाचा लाभ आहे. लोककथेने जे विचारावयाचे टाळले, ते विचारण्याची सवय लावणे हे किशोर-कादंबरीचे काम आहे, आणि मराठीत त्या कामाला अद्याप पुष्कळ जागा आहे.